साडेसात टक्के तांबे

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या नोंदवहीत माझ्या घराच्या क्रमांकापुढे 'घरात दारू गाळत असल्याचा संशय (निराधार)' अशी नोंद आहे. कंसातला शब्द मिळवण्यासाठी मला तीन लेखी अर्ज करावे लागले. तेहेतीस वर्षे मी सरकारी प्रमाणन प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होतो. आयुष्यात चहापलीकडे कोणतेही पेय मी उत्सुकतेने घेतलेले नाही, आणि चहासुद्धा घड्याळ लावून साडेतीन मिनिटेच मुरू देतो. अशा माणसाच्या चारित्र्याला कंसाचा आधार का लागला, ते क्रमाने सांगितले पाहिजे. क्रम सोडला की त्याची अफवा होते, आणि आमच्या इमारतीत तिला जिनासुद्धा चढावा लागत नाही.

सुरुवात वहिनींच्या फोनने झाली. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते.

"भाऊजी, महिनाअखेरीला मी लेकीकडे जातेय," वहिनी म्हणाल्या. "कायमचीच. घर रिकामं करायचंय. गाद्या, कपाटं, पुस्तकं, सगळ्याची सोय लागली. फक्त यांची चांदी राहिलीय. एकदा येऊन जाता का?"

'यांची चांदी' म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या मद्यपानाच्या सरंजामाचा एक संच. एकूण नग सात. काचेच्या पोटाची आणि चांदीच्या तोंडाची, झाकणावर द्राक्षवेल कोरलेली एक उंच सुरई. दारू गाळून बाटलीत भरायचे नरसाळे. लांब दांड्याची पळी. मद्य मोजायचे अंगठ्याएवढे माप. आणि बाटल्यांच्या गळ्यात अडकवायच्या, बारीक साखळीच्या तीन पट्ट्या, ज्यांवर 'शेरी', 'पोर्ट' आणि 'क्लॅरेट' अशी मद्यांची नावे कोरलेली होती. दादा शाळेत चित्रकला शिकवत असे आणि दारूच्या थेंबालाही तो कधी शिवला नाही. त्या सुरईतून पाहुण्यांना पाणी मिळे. ओतताना तो ती अशी तिरकी धरी, की वेलीवर उजेड पडावा. पाहुणे तहानलेले असत. ते पेल्याकडे पाहत.

बावीस वर्षांपूर्वी संचातला शेवटचा नग मिळाला, तेव्हा त्याने पंधरा-वीस माणसांना घरी बोलावले होते. मी प्रयोगशाळेतून परस्पर गेलो होतो, त्यामुळे पिशवीत कसोटीचा दगड आणि आम्लाची बाटली होती. दादा नरसाळे वर धरून म्हणाला, "शुद्ध चांदी!" विधान तपासण्याजोगे असावे, साधन हाताशी असावे, आणि तरी ते न तपासता सोडून द्यावे, हा त्या वयात मला बौद्धिक अप्रामाणिकपणा वाटे. मी नरसाळ्याची कड दगडावर घासली, थेंब टाकला, रंग पाहिला आणि जाहीर केले, "शुद्ध नाही. साडेब्याण्णव टक्के चांदी. साडेसात टक्के तांबं."

विधान अचूक होते. हशा मोठा झाला. दादाच्या शेजारचे दातांचे डॉक्टर तिथल्या तिथे त्याला 'साडेसात टक्के' म्हणाले. ते नाव दुसऱ्या आठवड्यात शाळेत पोचले, आणि निवृत्तीच्या दिवशी मुख्याध्यापकांच्या भाषणातही आले. दादाने नरसाळे माझ्या हातातून घेतले, सदऱ्याच्या टोकाने पुसले आणि कपाटात ठेवले. भांडण झाले नाही. पुढची बावीस वर्षे आम्ही रक्तदाब, निवृत्तिवेतन आणि नळाच्या पाण्याचा दाब या विषयांवर अत्यंत सलोख्याने बोललो. चांदीचा विषय त्याने माझ्यासमोर पुन्हा काढला नाही. माझी समजूत अशी, की छंद सुटला.

छंद सुटला नव्हता. मी गेलो तेव्हा वहिनींनी रिकाम्या होत आलेल्या खोलीत, एकुलत्या उरलेल्या टेबलावर माझ्यासमोर एक फाईल ठेवली. शहरातल्या जुन्या वस्तूंच्या संग्राहक मंडळाकडे दादाने प्रदर्शनासाठी केलेले अर्ज तिच्यात होते. पाच वर्षांचे पाच. प्रत्येक अर्ज सुंदर अक्षरात, प्रत्येक नगाचे पेन्सिलीने काढलेले चित्र सोबत. प्रत्येकावर एकच शेरा: 'अपूर्ण.' सातव्या रकान्यात 'धातूच्या दर्जाबाबत रसायनतज्ज्ञाचा दाखला' हवा होता. तो रकाना पाचही अर्जांत कोरा होता.

मी फाईल दोनदा चाळली. पहिल्या चाळणीत निरीक्षण चुकू शकते.

"मी म्हणायचे त्यांना," वहिनी म्हणाल्या, "घरात रसायनतज्ज्ञ आहे, भाऊजींना सांगा की. तर म्हणायचे, नको. तो खरं सांगेल."

"पण खरं सांगितलं असतं तरी दाखला मिळालाच असता! साडेब्याण्णव हाच त्या चांदीचा मान्य दर्जा आहे. त्याला स्टर्लिंग म्हणतात."

"त्यांना माहीत होतं ते," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "घाबरत नव्हते हो. कंटाळले होते."

यावर माझ्याकडे कोणतेही मापन उपलब्ध नव्हते. फाईल मिटत त्या म्हणाल्या, "मला ते एकदा मांडलेलं बघायचंय. पांढऱ्या कापडावर, खाली यांच्या नावाची चिठ्ठी. सव्वीस तारखेला प्रदर्शन आहे म्हणे. ते बघते आणि तीसला जाते. मग तुम्ही ठेवा, विका, काहीही करा."

सव्वीस तारखेला अठरा दिवस होते. मी म्हणालो, "वहिनी, हे काम माझं." आयुष्यात पहिल्यांदाच मी एखाद्या कामाचा अंदाज अनिश्चिततेची मर्यादा न सांगता दिला.

संच खोक्यात घालून मी घरी आणला. मंडळाच्या नियमावलीतली चौथी अट अशी होती, की वस्तू स्वच्छ स्थितीत असावी. संच स्वच्छ नव्हता. उंचवटे उजळ होते, पण प्रत्येक खोबणीत, पानापानांच्या मधे, अक्षरांच्या पोटात काळे साचले होते. खोके जिन्यातून नेताना तळमजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी ते पाहिले, आणि चहा होईपर्यंत माझ्या दारात सल्लागार समिती भरली.

"दात घासायची पेस्ट," पोस्टमास्तर म्हणाले. "आमच्या हिच्या पैंजणांना मी तीच लावतो. पांढरीच. निळी लावू नका."

"छे हो, राख!" समोरच्या काकू म्हणाल्या. "चाळून घ्यायची, आणि मऊ फडकं. मात्र हात सरळ फिरवा, गोल नको."

"गोल का नको?" मी विचारले.

"का म्हणजे? नसतात फिरवत."

मी दोघांना समजावून सांगितले, की राख आणि पेस्ट ही घासून धातूच खरवडणारी, अशास्त्रीय साधने आहेत. चांदीवरचे काळे हे चांदी आणि गंधक यांचे संयुग असते. अल्युमिनियमचा पत्रा, खाण्याचा सोडा आणि कढत पाणी यांच्या सहवासात ते संयुग मोडते आणि चांदी जागच्या जागी परत मिळते. ओरखडा नाही, झीज नाही, मेहनत नाही. पोस्टमास्तर काकूंना म्हणाले, "बघा, शिकलेल्या माणसाचं कसं असतं." हे कौतुक असावे, अशी नोंद मी तेव्हा केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको बाजारात गेल्यावर मी मोठे पातेले चढवले. अभिक्रिया उत्तम चालली. तिच्यात गंधकाचा थोडा वायू सुटतो, आणि त्याचा वास नासक्या अंड्यासारखा असतो. हे पुस्तकात आहे. तो वास स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो, हे पुस्तकात नाही. दहाव्या मिनिटाला दार वाजले. बाहेर आमच्या संस्थेचे सचिव आणि त्यांच्यामागे नाकाला पदर लावून काकू उभ्या होत्या.

सचिवांनी आत नजर टाकली. पातेल्यातून वाफा येत होत्या. टेबलावर सुरई, नरसाळे, पळी आणि पेग मोजायचे माप ओळीने मांडले होते. 'शेरी', 'पोर्ट' आणि 'क्लॅरेट' अशा पट्ट्या सुकत होत्या. उपलब्ध पुराव्यावरून मीही तोच निष्कर्ष काढला असता.

"साहेब," ते अतिशय मृदूपणे म्हणाले, "भाऊ गेल्याचं दुःख आम्ही समजू शकतो. पण निदान विकत आणा हो. घरी कशाला?"

"ही चांदी आहे! मी ती स्वच्छ करतोय."

"हो, हो. नक्कीच." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "माझा मेहुणापण असंच सांगायचा. तो रेडिओ दुरुस्त करायचा."

संध्याकाळी दाराच्या फटीतून व्यसनमुक्ती केंद्राचे पत्रक आत सरकवलेले मिळाले. बायकोने ते वाचले, घडी घातली आणि म्हणाली, "अहो, यात लिहिलंय, रुग्णाचा अपमान करू नये. तेव्हा मी काही बोलत नाही."

पण त्याआधी, सचिव दारात असतानाच, आणखी एक गोष्ट घडली होती. माझे म्हणणे पटवण्यासाठी मी सुरई पातेल्यातून काढून त्यांच्यासमोर उंच धरली. चांदीचे तोंड माझ्या हातात राहिले आणि काचेचे पोट पातेल्यात परतले. काच फुटली नाही, हे नशीब म्हणता येणार नाही, कारण मी नशीब मानत नाही. पातेल्यातले पाणी खोल होते. काच आणि चांदी यांना जोडणारा लेप चुन्यासारख्या पदार्थाचा असतो आणि तो कढत पाण्यात मऊ होतो. मी चांदीचा विचार केला होता, काचेचा केला होता, दोहोंमधल्या लेपाचा केला नव्हता. रात्री ते तोंड मी दोन ट्यूबा मिसळून करायच्या गोंदाने पक्के केले. त्या जोडाला आता घोडा बांधला तरी निघणार नाही.

संच मात्र लखलखत होता. काळ्याचा एक ठिपका कुठे उरला नव्हता. मला सारखे असे वाटत राहिले, की वेल पूर्वीइतकी दिसत नाही. पण वाटणे हे निरीक्षण नव्हे, म्हणून मी ते बाजूला ठेवले.

शंभर वर्षांवरची वस्तू मांडायची तर पुरावस्तू कार्यालयात तिची नोंद हवी. तिथल्या खिडकीत कपाळावर चष्मा ठेवलेल्या बाई बसल्या होत्या.

"वस्तूचं वय?"

"एकशे एकेचाळीस वर्षं."

"पुरावा?"

"प्रत्येक नगावर ठसे आहेत. चालणारा सिंह, राणीचं डोकं, आणि वर्ष सांगणारं अक्षर."

"अक्षर नको, कागद द्या. खरेदीची पावती."

"एकशे एकेचाळीस वर्षांपूर्वीची?"

"मूळ एक आणि छायाप्रती दोन."

हा मुद्दा भिंग, ठशांचे पुस्तक आणि तीन फेऱ्या यांनी सुटला. मग त्यांनी एक पट्टी साखळीने उचलली. "कुत्र्याची का?"

"बाटलीची. कुठल्या बाटलीत काय आहे ते कळावं म्हणून."

"पिणाऱ्याला कळत नाही होय?"

"सुरुवातीला कळतं," मी म्हणालो. माझ्या उत्तरातल्या अचूकतेने त्या प्रथमच प्रभावित झाल्यासारख्या दिसल्या. पण लगेच त्यांचे बोट अर्जातल्या चौथ्या नगावर थांबले. "हे काय लिहिलंय? माप? मापाला वजनमापे खात्याचं ना-हरकत लागेल. नाहीतर सगळी नोंद अडेल."

वजनमापे खाते म्हणजे आमच्याच प्रयोगशाळेचा पलीकडचा जिना. त्याचा प्रमुख आता माझा जुना सहायक आहे. त्याने मला खुर्ची दिली, चहा मागवला, मुलाबाळांची चौकशी केली आणि माप हातात घेऊन गंभीर झाला.

"साहेब, कलम नऊ. 'माप शोभेचे असले, तरी ते मापच समजावे.' मसुदा तुमचा आहे."

"मसुदा समितीचा होता."

"समितीतले बाकीचे दोघं झोपायचे, असं तुम्हीच सांगायचात."

त्याने माप पाण्याने भरून तपासले. मीच शिकवलेल्या पद्धतीने, डोळा पाण्याच्या पातळीला आणून. अठ्ठावीस पूर्णांक चार मिलिलिटर.

"जुना औंस आहे तो," मी म्हणालो. "त्याच्या एककात अगदी बरोबर आहे."

"खरंय. पण कलम अकराप्रमाणे जुनी एककं बाद. बाद मापावर फुलीचा ठसा मारून, बुडाला भोक पाडून परत द्यायचं." त्याने खण उघडला. आतला ठसा मी ओळखला; त्याच्या नमुन्यावर माझी सही आहे. त्या वेळी भोकाच्या व्यासाबद्दल मी अर्ध्या मिलिमीटरसाठी वाद घातला होता.

मी मापावर तळहात ठेवला. असे कोणी केले, तर पूर्वी मी त्याला कार्यालयाबाहेर काढत असे.

"भावाचं आहे रे," मी म्हणालो.

त्याने माझ्या हाताकडे पाहिले. मग त्याने खण लावला. "साहेब, माझ्याकडे वस्तू येते ती अर्जावर लिहिलेली असते ती. अर्जावर माप लिहिलंत म्हणून माप. दुसरं काही लिहिलं असतंत, तर मला ते बघायचं कारणच नव्हतं. उकडलेलं अंडं ठेवतात ना, तसला पेला असतो."

"यात अंडं बसणार नाही. टेकेल फक्त."

"टेकू दे, साहेब."

तेहेतीस वर्षांत मी सहीनिशी एकही खोटे विधान केले नव्हते. त्या दुपारी, माझ्याच जुन्या कार्यालयात, माझ्याच जुन्या टेबलावर, मी 'माप' हा शब्द खोडला, 'अंडे ठेवण्याचा पेला' असे लिहिले आणि खाली सही केली. पुरावस्तूच्या बाईंनी ती पाहिली, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला, परत वर नेला आणि नोंद दिली.

राहिले संग्राहक मंडळ. त्याच्या अध्यक्षांच्या गळ्यात दोरीला भिंग असते, म्हणून सगळे त्यांना भिंगवाले म्हणतात. एका घड्याळदुरुस्तीच्या दुकानामागे त्यांची खोली आहे. मी खोके त्यांच्यासमोर उघडले आणि लखलखाट पाहून ते काय म्हणतात याची वाट पाहू लागलो. त्यांनी सुरई उचलली, भिंग लावले, भिंग काढले.

"हे कुणी केलं?"

"मी. पूर्णपणे शास्त्रीय पद्धतीनं. एक कणभरही चांदी गेलेली नाही."

"चांदी नाही हो गेली." त्यांनी सुरई हलकेच खाली ठेवली. "तुम्ही सरांचे कोण?"

"धाकटा भाऊ."

"अच्छा. रसायनवाले." त्यांनी भिंग छातीवर सोडले. "सर दर वर्षी यायचे. अर्ज परत गेला तरी प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी खुर्च्या लावायला हजर. मी म्हणायचो, सर, दाखला तेवढा आणा हो. तर हसायचे. दर रविवारी ते ही चांदी पुसायचे, नुसत्या बोटानं. तेही फक्त वरवरची. खोबणीतलं काळं जपून ठेवायचे. मला एकदा दाखवलं होतं, कुठल्या पानामागं किती ठेवलंय ते. म्हणायचे, वेल कारागिरानं कोरली, पण तिची सावली काळानं दिली आणि मी राखली. चित्रकलेचे मास्तर. सावलीशिवाय त्यांना चैन कसं पडणार?"

मी वेलीकडे पाहिले. ती सपाट झाली होती. पाने होती, द्राक्षे होती, सगळे मोजून जागेवर होते. पण कोणतेही पान कोणत्याही पानाच्या पुढे नव्हते. त्याचे बावीस वर्षांचे रविवार मी दहा मिनिटांत मोडून पातेलेभर पाण्याबरोबर मोरीत ओतले होते, आणि ओतताना गुणगुणत होतो. हे मला स्पष्ट आठवते, कारण बायको म्हणते की मी वर्षातून एकदाच गुणगुणतो.

"परत काळं करता येईल," मी म्हणालो. "गंधकाचं एक द्रावण असतं. पाच मिनिटं लागतात."

भिंगवाल्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जिने मास्तर परीक्षेत नापास होणाऱ्या हुशार मुलाकडे पाहतात. "येईल की. पण ते सरांचं नसेल." मग त्यांनी सुरईच्या गळ्यापाशी नख फिरवले. "आणि हा गोंद?"

"तोही मीच."

त्यांनी लांब सुस्कारा सोडला. मुख्य दालनातल्या काचेच्या कपाटांत असा संच ठेवता येणार नव्हता. पण 'दुरुस्त केलेल्या वस्तू' असे एक टेबल असते, हात धुवायच्या जागेकडे जाणाऱ्या वाटेवर. "तिथे मांडतो. सरांसाठी. नावाची चिठ्ठी मी स्वतः लिहितो. दाखला तेवढा आणा."

दाखल्यासाठी मी प्रयोगशाळेतल्या नव्या यंत्रावर सातही नग तपासून घेतले. चांदीचे प्रमाण सरासरी ब्याण्णव पूर्णांक सहा निघाले. बावीस वर्षांपूर्वीच्या माझ्या घोषणेत दशांश एक टक्क्याची चूक होती, आणि ती दादाच्या बाजूची होती. घरी येऊन मी दाखला लिहायला बसलो. आकडे लिहायला चार मिनिटे लागली. खाली 'तज्ज्ञाचा अभिप्राय' असा रकाना होता. तिथे थांबलो.

बायको दोनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, "तीन तास झाले. काय लिहायचंय एवढं?"

"एकच शब्द आहे."

तिने माझ्या खांद्यावरून वाकून पाहिले. मी 'शुद्ध' असे लिहिले होते.

"मग चुकलंय का ते?" तिने विचारले.

"व्यवहाराच्या दृष्टीनं बरोबर आहे."

तिने टेबलावरचा गार चहा उचलला आणि दुसरा आणून ठेवला. तो किती मिनिटे मुरला होता, ते मी विचारले नाही.

सव्वीस तारखेला वहिनी आल्या. ठेवणीतली साडी नेसून, केस नीट विंचरून, दादाचा चष्मा स्वतःच्या पर्समध्ये घालून. तो कशासाठी आणला, हे त्यांनी सांगितले नाही. मुख्य दालनातली कपाटे ओलांडून मी त्यांना मागच्या वाटेवरच्या टेबलाकडे नेले. पांढऱ्या कापडावर सात नग चकाकत होते. भिंगवाल्यांनी शब्द पाळला होता. सुबक अक्षरात दादाचे पूर्ण नाव, त्याखाली 'संग्राहक, चित्रकला शिक्षक'. चौथ्या नगाखाली 'अंडे ठेवण्याचा पेला' असे होते, कारण मंडळाला नोंदीप्रमाणेच लिहावे लागते.

वहिनींनी नाव वाचले. चिठ्ठीचा वाकडा कोपरा बोटाने सरळ केला. "छान दिसतंय," त्या म्हणाल्या. मग सुरईकडे वाकून पाहिले. "उजळली फार."

"वहिनी, ते माझ्या हातून..."

"असू दे, भाऊजी. केलंत ना तुम्ही एवढं." त्यांनी शेजारची लोखंडी खुर्ची ओढली आणि संचाकडे तोंड करून बसल्या.

मी टेबलामागे उभा राहिलो. हात धुवायला जाणारी माणसे जाताना घाईत असत आणि येताना थांबत. हातांचे पाणी झटकत विचारत, "हे नवीन केलंय का?" मी सांगे, एकशे एकेचाळीस वर्षांचे आहे, हा सिंह म्हणजे धातूची खूण, हे डोके म्हणजे राणी, हे अक्षर म्हणजे साल. नरसाळ्याचे टोक वाकडे का, तर दारू बाटलीच्या कडेने उतरावी आणि गढूळ होऊ नये. पळीचा दांडा पिळाचा का, तर गरम पेयात तापू नये. दादाच्या पाच अर्जांतून मी हे सगळे पाठ केले होते. मी चांगले सांगत असणार, कारण दुपारपर्यंत पाच-सहा माणसे हात धुवायचे नसतानाही आली. मधूनच माझी नजर वहिनींकडे जाई. त्या ऐकत होत्या.

चारच्या सुमारास एक वयस्कर गृहस्थ आले, काठी टेकत. त्यांनी प्रत्येक नग पाहिला, चिठ्ठी वाचली, आणि खरी आवड असलेल्या माणसाच्या सावकाशीने म्हणाले, "शिक्षक होते म्हणजे ऐपत बेताचीच असणार. आणि एकाच कारागिराचे सातही नग! यांना ते मिळाले कुठं हो? पहिली ही सुरईच असणार. तिची काहीतरी हकीकत असलीच पाहिजे."

मी तोंड उघडले आणि माझ्या लक्षात आले, की मला माहीत नाही. पाचही अर्जांत ते नव्हते. ठसे होते, चित्रे होती, मापे होती. सुरई दादाच्या हाती कशी आली, याची एक ओळही नव्हती. मी वहिनींकडे वळलो.

"मला नाही माहीत, भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

"तुम्ही कधी विचारलं नाहीत?"

"विचारलं की. दहादा विचारलं. म्हणायचे, मोठी गंमत आहे ती, रंगवून सांगायची आहे. दोनदा सांगण्यात मजा नाही. धाकट्यानं विचारलं की सांगेन, तेव्हा तूही ऐक." त्यांनी पर्सचा बंद उगाच सरळ केला. "मी वाट बघत होते हो."

गृहस्थ काठीवर दोन्ही हात ठेवून उत्तरासाठी थांबले होते. मी त्यांना सुरईची उंची आणि वजन सांगितले.